रिकामा डबा परत देऊ नये

आमच्या घरात एक निळा डबा होता, पण तो आमचा नव्हता. समोरच्या भाभींचा होता. तसा तो पुरता भाभींचाही म्हणता येत नसे, कारण त्याचं निम्मं आयुष्य आमच्या ओट्यावर गेलं. गोल, पसरट, कधी काळी आकाशी असावा. झाकण मुळात पारदर्शक होतं. माझ्या आठवणीत ते मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखंच आहे. ते कधीच नीट बसलं नाही. एका बाजूने दाबलं की दुसऱ्या बाजूने वर यायचं, आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं. डब्याच्या तळाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. हळदीकुंकवाच्या गर्दीत आणि गणपतीच्या प्रसादात भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बायका ही खूण करतात. आमची खूण गुलाबी, भाभींची लाल.

शेजारणीचा डबा रिकामा परत देऊ नये, असा नियम आहे. हा नियम कुठल्या ग्रंथात आहे ते मी बरंच शोधलं. कुठल्याच नाही. म्हणूनच बहुधा तो पाळला जातो. भाभींकडून कोकी यायची, म्हणजे कांदा-मिरची घालून जाड लाटलेली आणि खरपूस भाजलेली सिंधी पोळी. डबा मग आमच्याकडून नारळाच्या वड्या घेऊन जायचा. वड्या गेल्या की पापड यायचे. पापड आले की थालीपीठ जायचं. यात कोणी कोणाचं देणं फेडत होतं की वाढवत होतं, हे सांगणं अवघड आहे.

भाभी मूळच्या उल्हासनगरच्या. बदलापूरला बेलवलीत आमची इमारत नवी होती तेव्हा त्या आणि आम्ही एकाच महिन्यात राहायला आलो, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी आणि माझ्या बायकोने एकमेकींना ‘भाभी’ म्हणायला सुरुवात केली. ते आजतागायत तसंच आहे. जिन्यात ‘भाभी’ अशी हाक आली की दोन्ही दारं उघडतात. त्यांच्या यजमानांचं उल्हासनगरात प्लास्टिकच्या सामानाचं दुकान. बादल्या, टब, मग, डबे. यजमान गेल्यावर ते मुलगा बघतो. एकदा माझ्या बायकोने डब्याला तडा गेल्यासारखं वाटतंय असं सांगितलं, तेव्हा भाभी म्हणाल्या होत्या, “संभालके हां, भाभी. त्यांच्या हातचा आहे हा.” त्या दिवसापासून माझी बायको तो डबा कोणालाही घासू देत नसे. मला तर नाहीच.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या गॅलरीत बुलबुलांनी घरटं केलं.

मनीप्लांटच्या वेलात एक वाटीएवढं घरटं. नर-मादी दिवसभर ये-जा करत होते आणि बायको त्यांना त्रास नको म्हणून वाळत घातलेले कपडे चोरासारखी काढत होती. पिल्लं झाली. दोन. त्यातलं एक मोठं होऊनही बसल्या जागचं हलेना, तेव्हा तिने स्टुलावर चढून बघितलं. पिल्लाच्या पायाला हिरवा धागा गुंडाळलेला होता, आणि धाग्याचं दुसरं टोक घरट्यात विणलेलं. नखं कापायच्या कात्रीने तिने तो कापला. मी स्टूल धरून उभा होतो आणि दोन्ही बुलबुल माझ्या टकलाच्या दिशेने सूर मारत होते.

खाली उतरल्यावर तिने तो धागा तळहातावर ठेवून मला दाखवला. “ओळखलंत?”

“नाही.”

“आपली घासणी आहे ही. हिरवी. मी गॅलरीत वाळत टाकते ती.”

पिल्लाचा तो पाय जरा वाकडाच राहिला. दोन्ही पिल्लं पुढे उडून गेली, पण बायको घरटं बघत राहिली. त्यात आमची घासणी होती, कोणाच्या तरी दुधाच्या पिशवीच्या पट्ट्या होत्या, दांडीच्या दोरीचे तंतू होते. काडी अशी फार कमी होती. “यांना वाटलं गवत आहे,” ती म्हणाली. मी म्हणालो, “आपल्यालाही वाटतं घासणी आहे.” हे वाक्य मला त्या वेळी बरंच चांगलं वाटलं होतं. तिने लक्ष दिलं नाही.

याच सुमाराला मुलीचा फोन आला, की सातव्यात ती आमच्याकडे येतेय आणि बाळंतपण इथेच करायचं. इथून पुढे जे झालं त्याची मुळं या दोन गोष्टींत आहेत. बायको फोनवर वाचू लागली. प्लास्टिक झिजतं, तुटतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक होतं, पण नाहीसं होत नाही. मिठात सापडतं, पाण्यात सापडतं, माशाच्या पोटात सापडतं, माणसाच्या रक्तात सापडतं, आणि ज्या वारेतून बाळाचं पोषण होतं, तिच्यातसुद्धा सापडलं. त्याने नेमकं काय होतं हे अजून पुरतं कोणाला माहीत नाही, हे तिने मला तीन वेळा वाचून दाखवलं. “म्हणजे अजून सिद्ध नाही,” मी म्हणालो.

“म्हणजे सिद्ध होईपर्यंत आपल्या नातवाला खाऊ घालायचं?”

मी आयुष्यभर अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं. माझ्या स्वतःच्या पोटात काय काय असेल याची मला बऱ्यापैकी कल्पना आहे.

आधी भाजी कापायचा पांढरा पाट गेला, त्याच्यावरच्या खाचा दाखवून तिने विचारलं, “इथलं गेलं कुठे? आपण खाल्लं.” मग डाळींच्या बरण्या. मग मायक्रोवेव्हमधली भांडी. माझी दाढीची वाटी गेली. टूथब्रश धोक्यात आला होता, पण कडुनिंबाच्या काड्या आणून देण्याची जबाबदारी माझ्यावर येईल हे लक्षात आल्यावर मी दातांच्या डॉक्टरांचा हवाला देऊन तो वाचवला.

समोर भाभींना हे दिसत होतंच. एका संध्याकाळी दारात उभ्या राहून त्या म्हणाल्या, “भाभी, तुम्ही सगळे असेच सुधरलात तर माझा मुलगा काय विकेल?” त्या हसत म्हणाल्या. बायकोही हसली. पण आत आल्यावर ती म्हणाली, “त्यांना लागलं असेल का हो?” मी म्हणालो, लागलं असतं तर त्या हसल्या नसत्या. ती म्हणाली, लागल्यावरच माणूस असा हसतो. तेव्हापासून ती भाभींसमोर प्लास्टिकचा विषय काढीनाशी झाली.

त्यातच आमच्या प्रभागात प्लास्टिकमुक्तीचा सोहळा झाला. तिथे फ्लेक्स किती होते, पुष्पगुच्छ कशात गुंडाळले होते आणि पाहुण्यांसमोर कसल्या बाटल्या होत्या, हे मी सांगत नाही. ते सगळ्यांना दिसत होतं आणि कोणालाच खटकत नव्हतं. साहेबांनी वसुंधरेला आई म्हटलं, मग गाडी सुरू ठेवलेली असल्यामुळे लवकर निघाले. जाण्याआधी प्रत्येक घराला दोन कापडी पिशव्या वाटण्यात आल्या. पिशवीवर एका बाजूला झाड आणि दुसऱ्या बाजूला साहेब. साहेब झाडापेक्षा मोठे होते. बायको पिशव्या घेऊन आनंदाने घरी आली. भाभींनी त्यांची पिशवी बोटांत चुरून बघितली, आमच्या स्वयंपाकघरात आल्या, कडेचा एक तंतू ओढला आणि गॅसवर धरला. तो जळला नाही. आक्रसला आणि त्याचा काळा मणी झाला.

“राख पडली तर सुती,” भाभी म्हणाल्या. “मणी झाला तर आमचा माल.”

“म्हणजे हे प्लास्टिक आहे?” बायकोचा चेहरा बघवत नव्हता.

“प्लास्टिकच. पण हलकं. आम्ही नाय ठेवत असा माल.” त्यांनी पिशवी उलटवून साहेबांकडे बघितलं. “उन्हात टाका. दिवाळीपर्यंत साहेबांचा पावडर होईल.”

त्या दोन्ही पिशव्या बायकोने भंगारासाठी बाजूला काढलेल्या सामानाला लावल्या. प्लास्टिकमध्ये प्लास्टिक. एका रविवारी सकाळी खालून ‘भंगाऽऽर’ अशी हाळी आली आणि दोन्ही पिशव्या गेल्या. घर रिकामं वाटायला लागलं. ओट्यावर नुसता स्टीलचा लखलखाट. बायको म्हणाली, “आता कसं मोकळं वाटतंय.”

हे मोकळेपण चार वाजेपर्यंत टिकलं. चारला तिने नारळाच्या वड्या थापल्या, कापल्या, आणि भाभींचा डबा घ्यायला भांड्यांच्या जाळीकडे हात नेला. जाळीत डबा नव्हता. तिने फडताळ उघडलं, ओट्याखाली बघितलं, फ्रिजमध्ये बघितलं, आणि मग तिला आठवलं. सकाळी तिने जाळीतलं सगळं निळं-हिरवं एकदमच पिशवीत लोटलं होतं.

ती खुर्चीवर बसली. “त्यांच्या यजमानांच्या हातचा होता हो.”

मी तिला असं रडताना फारसं पाहिलेलं नाही. काही बोलावं म्हणून मी म्हणालो, “डबाच आहे.” हे बोलणं चूक होतं, हे मला त्यातला ‘च’ उच्चारतानाच कळलं.

“डबाच?” ती म्हणाली. “आपली पोर शाळेतून आली की कोणाच्या दारात बसायची? आपण दोघं नोकरीवर. कोकी कोणाची खाल्ली तिने? आणि मी त्यांचा नवरा भंगारात घातला!”

भंगारवाला बेलवलीच्या नाक्यावर सापडला. त्याची गाडी मात्र रिकामी होती.

“माल गेला ना ताई उल्हासनगरला. गोडाऊनला.”

“आमच्या दोन पिशव्या होत्या,” बायको म्हणाली. “साहेबांचा फोटो असलेल्या.”

“ताई, आज सगळ्या पिशव्या साहेबांच्याच आहेत.”

आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्याने एवढ्या लांब कशाला जाताय असं विचारलं आणि बायकोने त्याला सगळं सांगितलं. तो अंबरनाथपर्यंत ऐकत होता. शिवमंदिराकडचा रस्ता आला तसा तो म्हणाला, “माझ्या आईचा एक टिफिन गेलता असाच. दोन वर्षं मामीशी बोलणं बंद.” बायकोने तिथूनच मंदिराच्या दिशेने हात जोडले. देवाकडे तिने आजवर मुलीचं लग्न आणि माझं ब्लडप्रेशर एवढंच मागितलं होतं. त्यात आता प्लास्टिकच्या डब्याची भर पडली.

गोदाम म्हणजे एका नाल्याच्या काठची पत्र्याची लांब शेड होती. आत रंगांचे डोंगर. लाल डोंगर, पांढरा डोंगर, निळा डोंगर. मधोमध एक यंत्र वरून खुर्च्या गिळत होतं आणि खालून त्यांच्या टिकल्या ओकत होतं. आवाज असा, की मालक आम्हाला काय विचारतोय हे आम्हाला त्याच्या भुवयांवरून ओळखावं लागलं. यंत्र बंद झाल्यावर तो म्हणाला, “क्या चाहिए, काका?”

“डबा,” मी म्हणालो. “निळा. गोल.”

त्याने निळ्या डोंगराकडे हात केला, जणू मी समुद्रावर जाऊन पाणी मागितलं होतं.

बायकोने पदर खोचला. इतके दिवस जिने घरातल्या भाजीच्या पाटावर अविश्वास दाखवला, ती आता प्लास्टिकच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उकरत होती. उन्हाची तिरीप पत्र्याच्या फटीतून आत येत होती आणि तिच्यात निळी धूळ तरंगत होती. ती आमच्या केसांवर बसली, माझ्या चष्म्यावर बसली, आणि श्वासाबरोबर जिथे जायची तिथे गेली. इतक्या दिवसांत वाचवलं होतं तेवढं आम्ही त्या एका संध्याकाळी भरून काढलं. शेडच्या मागे नाल्याच्या काठाला टिकल्यांचा रंगीत पट्टा साचला होता. त्यात एक बगळा गंभीरपणे टोचा मारत उभा होता. एक टिकली उचलायचा, गिळायचा, थोडं थांबायचा, दुसरी उचलायचा. बायकोने त्याला दगड मारून हाकललं. तो दोन पावलं पलीकडे जाऊन पुन्हा टोचा मारायला लागला.

“ताई, निळा माल अभी घंटेभर पहले निकला,” मालक म्हणाला. त्याला आमची दया आली असावी. “ये देखो, बोरे में है.”

गोणीत निळ्या टिकल्या होत्या. बायकोने मूठभर काढल्या, चाळल्या, पुन्हा टाकल्या, पुन्हा काढल्या. शेवटी एक टिकली तिने उजेडात धरली. तिला एका कडेला लालसर डाग होता.

“हा बघा ठिपका! नेलपॉलिश!”

मी बघितलं. नेलपॉलिश असेल. शेडच्या भिंतींचा रंग बघता गुटखाही असू शकला असता. मी म्हणालो, “हो, तोच.” तिने ती टिकली रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली.

परतताना तिने दोनदा पर्स उघडून रुमाल बघितला. मग म्हणाली, “तसाच दुसरा कुठे मिळाला तर?”

“तसा डबा एकाच दुकानात मिळेल.”

“कुठल्या?”

“भाभींच्या.”

तिने थोडा विचार केला. “म्हणजे त्यांच्याच दुकानातून विकत आणून त्यांनाच फसवायचं?” आणि मग, “तुम्ही मात्र काय काय सुचवाल.” मी काहीच सुचवलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, वड्या एका स्टीलच्या डब्यात भरल्या, रुमाल घेतला आणि समोरची बेल दाबली. मी आमच्या दारात उभा राहिलो. दार उघडून भाभींनी आधी तिच्या केसांतली निळाई बघितली, मग डबा.

“ये क्या, भाभी? स्टील?”

बायकोने सगळं सांगितलं. घासणीपासून. मधलं काहीही गाळलं नाही. साहेबही आले, बगळाही आला. शेवटी रुमाल उघडून टिकली पुढे केली. “एवढाच राहिला. मला माफ करा. त्यांच्या हातचा होता.”

भाभींनी ती टिकली घेतली. अंगठ्याने डाग पुसून बघितला. त्या वेळी मला खरंच वाटलं, की आता हे दार हळूच लागेल आणि पुढे जिन्यात नुसतं ‘नमस्ते’ राहील. मग त्या आत गेल्या. आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला, माळ्यावर काहीतरी गडगडल्याचा आवाज आला, आणि त्या मुलाला ओरडल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एकात एक घातलेल्या निळ्या डब्यांचा, छातीएवढा उंच मनोरा होता.

“किती पाहिजे?” त्या म्हणाल्या.

बायको बघत राहिली.

“त्यांच्या हातचा म्हणजे काय, भाभी? हा पूरा लॉट त्यांनी आणलेला. मी म्हटलं होतं, नका आणू, झाकण बसत नाय. ते म्हणाले, तुला धंद्यातलं काय कळतं. एकसुद्धा बिकला नाय!” त्या हसत होत्या आणि ओढणीने डोळेही पुसत होत्या. “गेले ते, पण डबे सोडून गेले. माळा भरलाय. दर दिवाळीला साफसफाई करते नि त्यांच्याशी भांडते.”

“मग तुम्ही तो एकच का वापरत होता, इतकी वर्षं?”

“मी वापरत होती?” भाभी म्हणाल्या. “तुम्ही रिकामा कधी दिला? भरलेला यायचा. मग मी कसा ठेवून घेऊ? मला वाटायचं, आता थांबवतील, आता थांबवतील...”

“अहो, मलाही तेच वाटायचं!”

दोघी जिन्यात उभ्या राहून इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरून कमिटीचे सेक्रेटरी खाली डोकावले. टिकली भाभींनी परत दिली नाही. ती त्यांच्या देवघरात, यजमानांच्या फोटोच्या चौकटीत खोचलेली मी नंतर पाहिली. तो डाग नेलपॉलिशचा की गुटख्याचा हे मी अजूनही कोणाला बोललेलो नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगी आली. संध्याकाळी बेल वाजली, आणि भाभी निळा डबा घेऊन उभ्या. नवा कोरा, तोच रंग, तेच न बसणारं झाकण, तळाशी ओला लाल ठिपका. बायकोच्या चेहऱ्यावर नातू, बुलबुल आणि शेजारधर्म अशी तिघांची मारामारी मला स्पष्ट दिसली.

“घ्या, घ्या,” भाभी म्हणाल्या. “कोकी गार करून ठेवलीय. गरम नाय ठेवली. मी पण वाचते आता.” त्यांनी झाकण उचललं. आत कोकी प्लास्टिकला लागू नये म्हणून जुन्या ओढणीच्या फडक्यात गुंडाळलेली होती. “नि फडका सुती आहे, अदी. जाळून बघितला.”

‘अदी’ म्हणजे सिंधीत बहीण. इतक्या वर्षांत भाभींनी माझ्या बायकोला असं पहिल्यांदाच म्हटलं. बायकोने डबा दोन्ही हातांनी घेतला.

मुलीने दारातच फडकं सोडून कोकीचा तुकडा तोडला आणि उभ्यानेच खाल्ला. बायकोने डबा धुतला, कापडाने पुसला आणि जाळीत पालथा घातला. स्वयंपाकघरातल्या सगळ्या स्टीलमध्ये तो एकटाच निळा दिसत होता.

तिने पदराला हात पुसले. मग मला म्हणाली, “सकाळी बाजारात गेलात की एक नारळ आणा.”

“कशाला?”

“रिकामा कसा देणार?”